आधी चित्र, मग पाय, मग कॅमेरा

गाडी लावली, उतरलो, जिथे थांबलो तिथेच उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला, सगळं मावेपर्यंत झूम फिरवला आणि बटण दाबलं. राहिलेलं घरी क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, सावरू. हौशी मंडळींचा क्रम बहुधा असाच असतो. मग फोटो बघताना वाटतं, समोर एवढं होतं आणि यात काहीच कसं आलं नाही? दोष कॅमेऱ्यावर जातो आणि नव्या लेन्सची चौकशी सुरू होते.

लेन्स कोणती घ्यावी, हे या लेखात सापडणार नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची साधी किट लेन्स किंवा बरा मोबाईल असेल तर पुढचं सगळं करता येतं. इथे आहे तो कामाचा क्रम. तो उलटा झाला की फोटो फसतो, म्हणून टप्प्यांना आकडे दिले आहेत. कृपा करून ते पुढेमागे करू नका. उदाहरणं सातारा, वाई आणि कास बाजूची आहेत, म्हणजे वाचून झाल्यावर जाऊन बघता येतील.

## १. घरी करायची तयारी

सकाळी कास, दुपारी ठोसेघर, संध्याकाळी सज्जनगड ही सहल झाली. फोटोसाठी जायचं असेल तर एका वेळेला एकच जागा धरा. तीन ठिकाणं केलीत तर तिन्हीकडे जो उजेड मिळेल तो मुकाट घ्यावा लागतो.

दिशा बघा. मोबाईलवर नकाशा उघडा, उत्तर वर करून ठेवा आणि तुम्ही कुठे उभे राहणार, कुठे बघणार याची एक रेघ मनात ओढा. अजिंक्यताऱ्याचं उदाहरण घेऊ. शहर किल्ल्याच्या उत्तरेला पसरलं आहे. तटावरून शहराकडे बघताना तोंड उत्तरेला, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून आणि संध्याकाळचं डावीकडून येणार. घरांच्या भिंती एका बाजूने उजळतात, दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि शहराला खोली येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ डोंगराची स्वतःची सावली पायथ्याच्या वस्तीवर लांबवर येते. हे घरबसल्या कळतं.

सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे हा फरक अडीच मुठींचा झाला. मे महिन्यात दीपमाळेमागे मावळणारा सूर्य टिपून ठेवलात आणि डिसेंबरमध्ये तोच फोटो काढायला गेलात, तर सूर्य भलतीकडेच असेल.

तीच मूठ जागेवरही कामाला येते. सूर्य तासाला सुमारे १५ अंश चालतो. समोरच्या डोंगराच्या कडेपासून सूर्यापर्यंत एक मूठ अंतर असेल तर हातात सुमारे ४० मिनिटं आहेत. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. वाईच्या खोऱ्यात ऊन त्याच्या बरंच आधी डोंगरामागे जातं.

पुठ्ठ्याची चौकट करा. हे पोरकट वाटेल, पण या लेखातलं सगळ्यात उपयोगी साधन हेच आहे. काळा किंवा राखाडी पुठ्ठा घ्या आणि त्यात ९ बाय ६ सेंटिमीटरचं भोक कापा. पुठ्ठ्याच्या कडेला सुतळी बांधा आणि पुठ्ठ्यापासून मोजून ६, ९, १२.५, २१ आणि ५० सेंटिमीटरवर गाठी मारा. गाठ डोळ्याखालच्या हाडाला टेकवायची, सुतळी ताणायची आणि एक डोळा मिटून चौकटीतून बघायचं. फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) हिशोबाने या गाठी अनुक्रमे २४, ३५, ५०, ८५ आणि २०० मिलिमीटर लेन्सच्या जवळपासचं दृश्य दाखवतात. १.५ क्रॉपच्या, म्हणजे त्याहून दीडपट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८-५५ लावत असाल तर तुमचा पट्टा साधारण ७ ते २१ सेंटिमीटरमध्ये बसतो. मोबाईलची मुख्य लेन्स पहिल्या गाठीच्या आसपास असते.

कॅमेरा असताना पुठ्ठा कशाला? कॅमेरा हातात आला की बोट बटणाकडे जातं. पुठ्ठ्याला बटण नाही.

सेटिंग आदल्या रात्री करा. स्क्रीनवर ग्रिड (उभ्या-आडव्या मदतरेघा) चालू, लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का दाखवणारी रेघ) असेल तर तीही चालू. मोबाईलचं गुणोत्तर ४:३ वर ठेवा. बहुतेक मोबाईलमध्ये १६:९ म्हणजे त्याच चित्राची वरची-खालची पट्टी कापलेली असते, आणि ते कापायचं असेल तर नंतर तुम्हीच ठरवून कापा. रॉ फाईलची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलची) सोय असेल तर ती चालू करा. बॅगेत मऊ सुती फडकं हवं. सप्टेंबरात कासला लेन्सवर दव आणि धुकं सतत बसतं, आणि शर्टाच्या टोकाने पुसलेल्या लेन्सवर पुढचे सगळे फोटो दुधाळ येतात.

> निघण्यापूर्वी तपासा: जागा एकच ठरली का? तिथे उजेड कुठून येणार हे माहीत आहे का? कार्ड रिकामं आणि बॅटरी भरलेली आहे का?

## २. पोहोचल्यावर कॅमेरा बॅगेतच

पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं चाला. मेणवलीच्या घाटावर गेलात तर वरून खाली या, पाण्याजवळ जा, दोन्ही टोकांना जा, देवळाच्या बाजूने मागे वळून बघा. घाट उतरून आल्यावर जे समोर दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. तोच फोटो वाईट असतो असं नाही, पण तो तुम्ही निवडलेला नसतो, पायऱ्यांनी तुमच्यासाठी निवडलेला असतो.

चालताना दोन गोष्टी करा.

एक डोळा मिटून बघा. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं, त्यामुळे माणूस आणि त्याच्या मागचा विजेचा खांब आपोआप वेगळे वाटतात. कॅमेऱ्याला एकच डोळा आहे. तुमचाही एक मिटलात की खांब माणसाच्या डोक्यातून उगवलेला दिसायला लागतो.

मग डोळे किलकिले करून बघा. तपशील जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे तेवढे उरतात. फोटोचा सांगाडा तोच असतो. किलकिल्या डोळ्यांनी सगळं एकसारखं राखाडी दिसत असेल तर त्या दिशेने आत्ता फोटो नाही. दिशा बदला किंवा वेळ जाऊ द्या. मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट मोड लावूनही हे बघता येतं, पण आधी डोळ्याची सवय करा.

## ३. एक वाक्य ठरवा

मंडळींना सगळ्यात कंटाळा या टप्प्याचा येतो आणि चुकतंही इथेच.

जे दिसलं, त्यातलं काय दाखवायचं ते एका वाक्यात म्हणा. मोठ्याने म्हणालात तरी चालेल. "घाट सुंदर आहे" यातून फ्रेम निघत नाही, कारण काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे त्यावरून कळत नाही. "खालच्या तीन पायऱ्यांवरच ऊन आलंय आणि तिथे एक आजी पाय सोडून बसल्यात" यातून निघते. तीन पायऱ्या, ऊन, आजी एवढंच आत घ्यायचं. देऊळ, पलीकडचा काठ, आकाश, घाटाचा उरलेला विस्तार यांतलं काहीही वाक्यात नाही, म्हणून फ्रेममध्येही नको. मोह होईल. देऊळ खरोखरच देखणं आहे. त्याचा दुसरा फोटो काढा, दुसऱ्या वाक्याने.

वाक्यात क्रियापद असेल तर काम सोपं होतं: बसल्यात, उतरतंय, झाकलंय, वाट बघतोय. नुसती विशेषणं असतील तर तुम्ही अजून बघितलेलं नाही, फक्त खूश झाला आहात.

कासवर हा टप्पा गाळणाऱ्यांची मोठी गर्दी असते. तेरड्याचा गुलाबी गालिचा बघून माणूस हरखतो आणि सगळं पठार एका फ्रेममध्ये कोंबतो. फोटोत गुलाबी डागांचा पट्टा आणि वर पांढरं आकाश उरतं. तिथे वाक्य काय? "तेरड्याच्या गर्दीत सोनकीचं एकच पिवळं बेट" हे चालेल. "गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांवर धुकं उतरतंय" हेही चालेल. "सीतेची आसवं जांभ्या खडकाच्या ओल्या भेगेत उगवलीत" हा तर पूर्ण वेगळा, हातभर जागेतला फोटो आहे. पठार एकच आहे आणि तिन्ही वाक्यांसाठी पाय वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे लागतील.

> तपासा: वाक्यातली नामं मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर बहुधा त्यात दोन फोटो मिसळलेत.

## ४. पाय कुठे ठेवायचे

आता हालचाल. कॅमेरा अजूनही बॅगेतच, हातात पुठ्ठा.

अंतर. झूम केल्याने जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं माप बदलत नाही. ते बदलतं फक्त तुम्ही चालल्याने. हे पटायला थोडं अवघड आहे, म्हणून हिशोबच करू. एक माणूस तुमच्यापासून २ मीटरवर उभा आहे आणि दीपमाळ त्याच्या मागे १८ मीटरवर, म्हणजे तुमच्यापासून २० मीटरवर. दीपमाळ माणसाच्या दहापट लांब आहे, त्यामुळे ती त्याच्यामागे बारीकशी दिसते. आता तुम्ही मागे जाऊन माणसापासून २० मीटरवर उभे राहा. दीपमाळ तुमच्यापासून ३८ मीटरवर गेली. ती आता माणसाच्या दुपटीपेक्षाही कमी अंतरावर आहे. लांबची लेन्स लावून माणूस पहिल्याएवढा मोठा केलात की दीपमाळ त्याच्या तुलनेत पाचपटीहून मोठी दिसेल. वस्तू त्याच, फोटो निराळा.

चाळकेवाडीच्या पठारावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. एका पवनचक्कीच्या बुंध्याशी जाऊन वाईड लेन्सने वर बघा, ती एकटी अवाढव्य दिसते आणि बाकीच्या क्षितिजावर टाचण्यांएवढ्या. दूर जाऊन लांब लेन्सने बघा, रांगच्या रांग एकमेकींना खेटून उभी राहते. "एकटं यंत्र" दाखवायचं की "यंत्रांचं रान", हे वाक्यात ठरलेलं असतं आणि त्यावरून अंतर ठरतं.

आमच्याकडे दाखवायला येणाऱ्या फोटोंत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. माणूस जागचा हलत नाही, बोट झूमवर फिरत राहतं.

उंची. बहुतेक फोटो उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले असतात, कारण गुडघे वाकवायचा कंटाळा. सपाट जमिनीवर एक नियम लक्षात ठेवा: कॅमेरा जेवढ्या उंचीवर, तेवढ्याच उंचीवर क्षितिजाची रेघ समोरच्या प्रत्येक वस्तूला कापते. मग ती वस्तू जवळ असो वा लांब. कॅमेरा दीड मीटरवर धरला की पठारावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या मानेतून किंवा तोंडातून क्षितिज जाणार. कॅमेरा कमरेपर्यंत खाली आणा, डोकं आणि खांदे मोकळ्या आकाशावर येतील. उलट, एखाद्या उंचवट्यावर चढलात तर माणूस पूर्ण गवतावर येईल आणि मागचा गोंधळ कमी होईल. दोन्ही चालतं, मान कापणारं मधलं नको.

फुलांना हे दुप्पट लागू आहे. वरून काढलेला गेंद म्हणजे गवतावर पांढरा ठिपका. कॅमेरा त्याच्या बरोबरीला आणलात तर त्याच्या मागे दूरचं धुकट पठार येतं आणि गोंडा सुटा दिसतो. झोपायची गरज नाही. स्क्रीन वळत असेल तर वळवा, मोबाईल उलटा धरून लेन्स जमिनीजवळ न्या.

डावं-उजवं. इथे पावलं मोजायची नसतात, वीत-वीतभर सरकायचं असतं. दोन माणसं एकमेकांवर चढलेली दिसतात, अर्धं पाऊल बाजूला झालात की त्यांच्यात फट येते आणि दोन्ही आकार वाचता येतात. बैलाची शिंगं मागच्या झाडात गुंतलेली असतील तर थोडं खाली बसून ती आकाशावर काढा. एक डोळा मिटून डोकं हळू डावी-उजवीकडे हलवा. आकार जिथे सुटे होतात, तिथे थांबा.

लिंबची बारा मोटेची विहीर समोरासमोर, अगदी सारखी दिसायला हवी असेल तर अर्धं पाऊलही महाग पडतं. कमान आणि पायऱ्या मध्यरेषेवर धरायच्या असतील तर त्या खरोखर मध्यावर हव्यात. किंचित डावीकडे राहिलेला फोटो नुसता चुकलेला दिसतो. जमत नसेल तर ठरवून दोन-तीन पावलं बाजूला जा, म्हणजे तिरपेपणा मुद्दाम घेतलेला वाटेल.

> सावध: चौकटीत बघत मागे चालू नका. आधी बघा, मग पुठ्ठा खाली घेऊन चाला, मग परत बघा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. सज्जनगड, ठोसेघर भागात कड्याजवळचं गवत पावसाळ्यात पायाखालून निसटतं. कासला आखलेली वाट सोडायची नाही, ट्रायपॉडचा एक पायसुद्धा फुलांत टेकवायचा नाही. वाटेवरून जो फोटो मिळत नाही, तो सोडून द्यायचा.

## ५. लेन्स आता

जागा नक्की झाली की पुठ्ठा डोळ्यापासून पुढेमागे करा. वाक्यातलं सगळं बसलं आणि बाकीचं कापलं गेलं की सुतळीची कुठली गाठ जवळ आहे ते बघा. तीच लेन्स किंवा झूमचा तोच आकडा. आता कॅमेरा काढा.

मोबाईलवर दिलेल्या ठरावीक बटणांवरच राहा. मधल्या आकड्यांवर बोटांनी ताणलेला झूम बहुतेक वेळा नुसता क्रॉप असतो, तो घरीही करता येईल. अल्ट्रा वाईड चालू असताना माणसं कोपऱ्यात ठेवू नका, डोकी लांबोडकी होतात.

## ६. कडा फिरून या

डोळा सब्जेक्टवर खिळतो. फोटो बिघडतो तो कडांना. म्हणून बटण दाबण्याआधी नजर मुद्दाम सब्जेक्टवरून काढा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने चारही कडा फिरून या. सुरुवातीला वेळ लागतो, पुढे दोन सेकंदांत होतं.

कडेवर काय सापडेल? अर्धा कापलेला माणूस. पाण्याची बाटली. फ्लेक्सचा कोपरा. कुठूनतरी आलेली वायर. झाडाची एक फांदी, जिचं झाड फ्रेममध्ये नाही. आणि सर्वांत घातक म्हणजे कडेला नुसता टेकलेला आकार, जसं की बोटाचं टोक, देवळाचा कळस, पायाचा पंजा. आकार कडेला चिकटवू नका. एक तर स्पष्ट आत घ्या, भोवती थोडी हवा ठेवा, किंवा धीटपणे कापा. माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर नको. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलात तर खटकत नाही.

पावसाळी पांढरं आकाश हा आपल्याकडचा खास त्रास आहे. जून ते सप्टेंबर फ्रेममधला सर्वांत उजळ भाग तेच असतं आणि नजर तिकडेच पळते. त्यात ढगांचे आकार नसतील तर आकाश बाहेर ठेवा. वर चढा, लेन्स खाली वळवा, दरी आणि वाटच दाखवा. ढगाळ उजेड रंगांसाठी उत्तम असतो, फक्त त्याचा उगम फोटोत नको.

आता ग्रिड. तिसऱ्या भागाचा नियम, म्हणजे फ्रेमचे तीन-तीन भाग करून सब्जेक्ट मधल्या रेघेवर ठेवायचा, सगळ्यांनी ऐकलेला आहे आणि तो अर्धवटच लागू पडतो. सब्जेक्ट रेघेवर ठेवला म्हणून फोटो उभा राहत नाही, उरलेल्या दोन भागांत काय आहे ते महत्त्वाचं. तिथे काही नसेल, आणि ते रिकामेपण वाक्यातही नसेल, तर माणूस नुसता बाजूला ढकलल्यासारखा दिसतो. ज्या दिशेला माणूस बघतोय किंवा चालतोय त्या बाजूला जागा जास्त ठेवा, ही सूचना मला तिसऱ्या भागापेक्षा जास्त भरवशाची वाटते. संगम माहुलीला शांत पाण्यात देवळाचं पूर्ण प्रतिबिंब असेल तर काठाची रेघ बिनदिक्कत मध्यावर घ्या. मी स्वतः ग्रिड वापरतो ते पाण्याची रेघ आडवी आणि दीपमाळ उभी आहे का, एवढं बघायला.

> तपासा: चारही कडा फिरून झाल्यावर वाक्य परत म्हणा. वाक्यात नसलेली कुठली गोष्ट आत आली? ती काढायला क्रॉप पुरेल, की पाय हलवावे लागतील? जवळपास नेहमी पायच.

## ७. उजेड बसवणे

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. तो सगळं सरासरी मधल्या राखाडीकडे ओढतो. म्हणून घाटाचा काळा दगड फिका येतो आणि पांढरं धुकं मळकट येतं. फ्रेम काळ्या दगडाने भरली असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन-तृतीयांशावर न्या. धुक्याने भरली असेल तर अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक.

मोबाईलवर मुख्य जागेवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग बोट खाली-वर सरकवून उजेड कमी-जास्त करा. लॉक न करता थांबलात तर पांढरा सदरा घातलेला माणूस फ्रेममध्ये येताच सगळं चित्र काळवंडेल.

शटरचे काही ढोबळ आकडे, सेकंदात: चालणाऱ्या माणसाला १/२५०. ठोसेघरच्या धारा मऊ हव्यात तर ट्रायपॉडवर पाव ते एक सेकंद, पाण्याचा जोर दाखवायचा तर १/५०० किंवा त्याहून जलद. पवनचक्कीची पाती फार जलद शटरवर गोठतात आणि यंत्र बंद पडल्यासारखं दिसतं, १/३० च्या आसपास टोकांना थोडी हालचाल येते. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांची चमक काढतो आणि हिरवा रंग खुलतो, पण तो पाण्यातलं प्रतिबिंबही खातो. माहुलीच्या त्या फोटोला तो काढून ठेवा.

## ८. थांबणे

फ्रेम लागली, उजेड बसला, पण वाक्यातलं क्रियापद अजून घडलेलं नाही. आता थांबायचं.

बरेच जण इथे उलटं करतात. माणूस दिसला की कॅमेरा घेऊन त्याच्यामागे धावतात, आणि मागे काय येतंय ते बघायला सवड राहत नाही. त्याऐवजी मागचं आधी लावून ठेवा. कमानीतून ऊन येतंय, पायऱ्या रिकाम्या आहेत, कडा स्वच्छ आहेत. आता कुणीतरी उतरेल. उतरणाऱ्याचं पाऊल हवेत असताना, दोन्ही पायांमध्ये उजेड दिसताना बटण दाबा. पाय जुळलेले असले की आकृती खांबासारखी दिसते.

ओळखू येईल असा चेहरा असेल तर विचारा. साताऱ्याच्या मंडईत हे फार अवघड नाही.

"मावशी, एक फोटो काढू का?"

"काढ की. पण आधी भाजी घे."

भाजी घ्या. पैसे देऊन होईपर्यंत मावशी कॅमेऱ्याला विसरतात आणि परत आपल्या कामाला लागतात. फोटो तेव्हा काढा, परवानगी मिळाल्या मिळाल्या नको, कारण त्या क्षणी सगळे ताठ बसतात. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारूनच. घाटावर अंघोळ करणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायकांकडे लांब लेन्स रोखायची नाही. संगम माहुलीला दहाव्याचे विधी चालू असतील तर कॅमेरा बॅगेत.

## ९. एकेक गोष्ट बदलून पुन्हा

हवा तो फोटो मिळाला असं वाटलं की लगेच निघू नका. त्याच जागेवर एका वेळी एकच गोष्ट बदला: कॅमेरा उभा धरा, मग गुडघ्यावर बसा, मग दोन पावलं पुढे. सगळं एकदम बदललंत तर नंतर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. स्क्रीनवर बघायचं ते दोनच गोष्टींसाठी, फोकस आणि जळालेला पांढरा भाग. आवडला की नाही ते घरी.

## १०. निवड, आणि दुसऱ्यांना दाखवणे

त्याच रात्री निवड करू नका. दमलेल्या माणसाला जो फोटो काढताना जास्त कष्ट पडले तोच चांगला वाटतो.

निवडताना फोटो आधी टपाल तिकिटाएवढा लहान करून बघा. त्या आकारात मुख्य आकार कळला नाही तर मोठा करूनही कळणार नाही. मग उलटा करून बघा. ओळखीच्या वस्तू अनोळखी होतात आणि कुठला कोपरा जड झालाय ते लगेच दिसतं. वाकडं क्षितिज सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून काढताना चहूबाजूंनी थोडी जास्तीची जागा ठेवलेली बरी. क्रॉप करून एक-दशांशापेक्षा जास्त भाग काढावा लागत असेल तर चौथ्या टप्प्यात आळस झालेला आहे. नोंद करा आणि पुढच्या वेळी पुढे चाला.

सल्ला मागताना एकच फोटो पाठवून "कसा आहे?" विचारू नका. "मस्त", "भारी" आणि अंगठे मिळतील. एकाच जागेच्या तीन फ्रेम पाठवा, वाक्य सांगू नका, आणि विचारा: नजर आधी कुठे गेली? नंतर कुठे? कुठून बाहेर पडली? उत्तरं तुमच्या वाक्याशी जुळतात का ते तुम्ही तपासा. फोटोग्राफी न कळणारं घरातलं माणूस इथे जास्त कामाचं असतं, कारण त्याला लेन्सचं नाव विचारायचं नसतं.

सल्ला देणाऱ्यांनाही एक विनंती. "मी असतो तर देऊळ घेतलं असतं" हे तुमच्या फोटोबद्दल झालं. समोरच्याच्या फोटोबद्दल बोलायचं तर बोट ठेवून दाखवा: ही उजवी कडा, इथला हा पांढरा ठिपका, नजर इथून बाहेर जाते, एक पाऊल डावीकडे घेतलं असतं तर तो खांबामागे गेला असता. पाऊल कुठे टाकायचं हे कळलं की समोरचा पुढच्या रविवारी तिथे जाऊन ते टाकून बघू शकतो.